चालकरहित मोटार आणि नांदेडचा रस्ता

डिसेंबर 2023 मध्ये नागपूर येथे बोलताना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे निक्षून सांगितले. लाखो चालकांच्या रोजगाराचा प्रश्न त्यांनी पुढे केला. भूमिका रास्तच आहे. परंतु तेवढ्याने निश्चिंत होता येणार नाही. चालकरहित मोटार दूर असली, तरी मोबाईलवरून बोलवायची वाहने दाराशी आली आहेत. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी विजेवरील बाईक-टॅक्सीचे धोरण मंजूर केले. 2011 च्या जनगणनेतील साडेपाच लाखांचे नांदेड आणि पावणेचार लाखांहून मोठे लातूर, दोन्ही त्यात बसतात. मग वजिराबादच्या रिक्षावाल्याचे काय, हे आज विचारायचे की त्याचा थांबा गेल्यावर?

वस्तुतः हा विचार नांदेडला नवा नाही. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीतून येथील प्रमुख रस्त्यांचा कायापालट झाला. रुंद पदपथ, स्वतंत्र सायकलपथ, झाडांची रांग, रिक्षा व फेरीवाल्यांसाठी राखलेली जागा! देशभरच्या नगररचनाकारांनी त्याची वाखाणणी केली. रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी, हे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातील तत्त्व गोदाकाठी प्रत्यक्षात उतरले होते. पुढे मात्र त्याचे पालकत्व कोणी घेतले नाही. सायकलपथावर दुचाकी उभ्या राहू लागल्या आणि सायकलवरचा विद्यार्थी पुन्हा मोटारींच्या गर्दीत शिरला.

असे का व्हावे? परवाना परिवहन विभागाचा, रस्ता महापालिकेचा, शिस्त पोलिसांची आणि भाडे ठरवणार कंपनीचे यंत्र. या चौघांची बैठक कधी व्हायची? 1966 च्या नगररचना कायद्यात हरकती व सूचनांची तरतूद आहे खरी. पण नागरिक तेथे जातो तो बहुधा स्वतःचा भूखंड आरक्षणातून सोडवून घेण्यासाठी. त्यात 2022 नंतर दीर्घकाळ महापालिकेत प्रशासकराज होते. गाऱ्हाणे मांडायला नगरसेवकही नव्हता.

नव्या सेवांना विरोध करण्याचे कारण नाही. डॉक्टर लेनमध्ये खेड्यातून आलेल्या रुग्णाला, रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला त्यांचा उपयोगच होईल. मात्र रिक्षा संघटना, गुरुद्वारा मंडळ, व्यापारी आणि या मुलींचे पालक यांना परवान्यापूर्वी एकत्र बसवावे. कोणत्या वेळी, कोणत्या मार्गावर किती फेऱ्या होतात, याची माहिती कंपन्यांनी महापालिकेला देण्याची अट घालावी. आणि रेल्वेस्थानकाबाहेर रिक्षा कोठे उभ्या राहतील व बाईक-टॅक्सी कोठे, हे पहिली बाईक धावण्यापूर्वी ठरावे.