500 अंड्यांचं मशीन घेण्याआधी आठवड्याची अंडी मोजा



गावरान कोंबडीपालनात उतरणारा माणूस दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला. "सर, 500 अंड्यांचं मशीन केवढ्याला?" मी उलट विचारतो, "दादा, आठवड्याला अंडी किती निघतात?" बहुतेक वेळा इथेच गाडी अडते.

मी स्वतः इन्क्युबेटर विकतो. मोठं मशीन गेलं तर माझा फायदाच आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: कॅबिनेटची साइज बजेट बघून नाही, अंडी बघून ठरवायची. 

उबवायचं अंडं सात दिवसांच्या आतलंच पाहिजे. त्यापुढे रोज त्याची ताकद कमी होत जाते. समजा तुमच्याकडे 50 कोंबड्या आहेत आणि दिवसाला 15 अंडी मिळतात. म्हणजे आठवड्याला 105. आता 500 चं मशीन भरायला महिनाभर थांबणार का? तोपर्यंत पहिली अंडी शिळी. मग लोक काय करतात, बाजारातून अंडी आणून ट्रे भरतात. त्या कळपात कोंबडा होता का, अंडं किती दिवसांचं, कुणाला माहीत! आणि किराणा दुकानातली पांढरी लेअरची अंडी तर विसराच. तिथे कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून?

दुसरा मार्ग म्हणजे दर आठवड्याला 105 अंडी भरायची. हा चांगला मार्ग आहे, पण यात एक मेख आहे. अंडी 18 दिवस सेटरमध्ये फिरत राहतात, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद करून हॅचरमध्ये ठेवायची. पहिले 18 दिवस आर्द्रता साधारण 55 ते 60 टक्के लागते, शेवटी 65 ते 70. एकाच कपाटात तिन्ही आठवड्यांची अंडी असतील तर कुणाचं ऐकणार? शिवाय पिल्लं निघाली की पिसांचा भुसा आणि घाण बाकीच्या अंड्यांवर. म्हणून या माणसाला मी 300-350 चा सेटर आणि 100-120 चा वेगळा छोटा हॅचर सुचवतो. सुरुवात आणखी लहान करायची असेल तर 100-120 चं एकच मशीन घ्या, बॅच पूर्ण काढा, धुवा, मग पुढची भरा. 

आता विक्रेता म्हणतो "90 टक्के रिझल्ट". कशाच्या 90 टक्के, हे विचारा. भरलेल्या अंड्यांच्या की फलित अंड्यांच्या? 100 अंडी भरली, त्यातली 85 फलित निघाली आणि त्यांच्यातली 80 टक्के फुटली, तर पिल्लं 68. अंडं 15 रुपयांना धरलं तर फक्त अंड्याचाच खर्च पिल्लामागे 22 रुपये. तीच पिल्लं 45 निघाली तर 33 रुपये. वीज, लस, मरतूक अजून बाकीच आहे. सातव्या दिवशी टॉर्च लावून अंडी तपासा, रिकामी बाजूला काढा आणि वहीत लिहा. फलित अंडी कमी असतील तर दोष मशीनचा नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा आहे का ते आधी बघा.

मशीन आणलं की लगेच अंडी भरू नका हं. एक दिवस रिकामं चालवा. वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर वेगवेगळे थर्मामीटर ठेवा. सगळीकडे 37.5 अंशांच्या आसपास आलं पाहिजे. डिस्प्लेवरचा आकडा फक्त सेन्सर जिथे आहे तिथला असतो. वर-खाली अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर पंख्याचं काम आहे, आधी विक्रेत्याला बोलवा. जादाचा कंट्रोलर घरात ठेवा. रविवारी रात्री तो उडाला तर दुकान उघडेपर्यंत अंडी थांबत नाहीत. 

लाइट गेली तर काय, हे सगळेच विचारतात. इन्व्हर्टर हवाच. पण तोही संपला, तर पहिल्या आठवड्यातल्या अंड्यांचं मशीन बंदच ठेवा, ऊब टिकते. शेवटच्या आठवड्यातली अंडी स्वतःच गरमी सोडतात, पंखा बंद पडला की आत कोंडतं. तिथे दार जरासं किलकिलं करा. तासाभराचा गारवा अंडं सहन करतं, जास्तीची गरमी नाही.

हीच गोष्ट उन्हाळ्याची. इन्क्युबेटर गरम करतो, गार करत नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा 42 वर गेला तर हीटर बंद असूनही आतली अंडी शिजणार. मशीन जाड भिंतीच्या, हवेशीर खोलीत ठेवा, कूलर लावा. अशी खोली नसेल तर एप्रिल-मेच्या बॅचा सरळ सोडून द्या, अंडी खायला विका. उन्हाळ्यात त्या दोन-चार खुडूक कोंबड्या सावलीत बसवल्या तरी चालतंय.