हवा मोजली, पण कोणाची?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत डॉ. गुफ्रान बेग यांनी वातावरणीय रसायनशास्त्रातील आपला व्यासंग ‘सफर’ या हवेच्या गुणवत्तेचा अंदाज वर्तविणाऱ्या प्रणालीत ओतला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी ती दिल्लीत उभी राहिली. पुढे पुणे, मुंबई, अहमदाबादेस आली. काम मोलाचेच. परंतु शास्त्र कोणाच्या दाराशी न्यावयाचे, हे प्रयोगशाळा नव्हे, सत्ता ठरविते. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड कामगार कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. तेथे चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांत जाणारे कणही अडीच मायक्रॉनहून बारीकच असतात. ते मोजणारे यंत्र आहे. मागणारे आहेत कोठे? पुढील करारात संघटनांनी तोडणीच्या दराबरोबर तळावर स्वयंपाकाचा गॅसही साखर संघाकडे मागावा.