एकदा झालेली रजिस्ट्री एकट्याने मोडता येते काय?

इचोड्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या पतीने पुष्कळ वर्षांपूर्वी गावालगत एक प्लॉट रजिस्ट्रीने विकत घेतला. आज पती हयात नाहीत. हमरस्त्यालगतच्या जागेला भाव आला आहे, आणि विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांचा मुलगा आता गावात सांगत फिरतो की, वडिलांना किमतीचे सगळे पैसे पोचले नव्हते, सबब त्यांची सही घेऊन ती रजिस्ट्री रद्द करून टाकू. आमच्या सहीवाचून असे होऊ शकते काय, असा या भगिनींचा प्रश्न आहे. त्या लिहितात की, ज्या घरांशी दोन पिढ्यांचे येणेजाणे, त्याच घरातून हे ऐकावे लागावे याचे दुःख जागेच्या चिंतेहून मोठे आहे.

प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ‘नाही’ असेच आहे. परंतु हे ‘नाही’ कसे आले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

खरेदीखत लिहून दिले, त्याची नोंदणी झाली, म्हणजे जागेची मालकी विकणाऱ्याकडून निघून घेणाऱ्याकडे गेली. जे आपले राहिलेच नाही ते परत घेण्याचा कागद एकट्याने लिहावयाचा, हे साध्या व्यवहारबुद्धीलाही पटत नाही. तरीही आपल्या भागात असे रद्दलेख कित्येक वर्षे नोंदले जात होते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2006 मध्ये यानाला मल्लेश्वरी यांच्या प्रकरणात बहुमताने असा निर्णय दिला की, अशी नोंद झाली तर बाधित माणसाने दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे कागद बिघडविणार एक, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजविणार दुसरा!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने नोंदणी नियमांतील 26व्या नियमात भर घातली. पूर्वी नोंदलेले खरेदीखत रद्द करणारा लेख समोर आला, तर मूळ खतातील लिहून देणारा आणि लिहून घेणारा अशा सर्वांनी तो केला आहे, याची खात्री नोंदणी अधिकाऱ्याने करून घ्यावी. सोबत परस्परसंमतीचे निवेदन अथवा सक्षम न्यायालयाचा आदेश असावा, असे तो नियम सांगतो. शासकीय जमिनींसंबंधी शासनाच्या आदेशाने होणारी रद्दबातल प्रकरणे तेवढी वेगळी.

पुढे तोटा गंगालक्ष्मी यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खरेदीखत 1983 चे. विकणाऱ्याने ते 2005 मध्ये परस्पर रद्द करून तीच जागा दुसऱ्यास विकली. बावीस वर्षे ज्या कागदावर विश्वासून राहावे तो एका सकाळी निरर्थक ठरावा, असा हा प्रसंग होता. न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट सांगितले की, विकणाऱ्यास विक्री एकतर्फी रद्द करता येत नाही. एक तर दोघांनी मिळून रद्दलेख करावा, नाही तर दिवाणी दावा लावावा.

येथे परप्रांतांतील आमच्या वाचकांस एक सावधगिरीची सूचना करतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मध्य प्रदेशातील सत्यपाल आनंद यांच्या प्रकरणात असे दाखवून दिले की, वरील निर्णय आंध्रच्या विशिष्ट नियमावर आधारलेला होता. नोंदणीचा मूळ कायदा 1908 चा आणि सर्व देशाला एकच. परंतु त्याखालील नियम राज्याराज्यांचे निराळे. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आपली सोयरीक आजही तिकडची आहे. म्हणून तिकडच्या मेव्हण्याने सांगितलेली रीत इकडे, किंवा इकडची तिकडे, डोळे झाकून लावू नये.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. किमतीचे पैसे खरोखरच राहिले असतील तर? तर ते वसूल करण्याचा हक्क विकणाऱ्यास आहे; तेवढ्यावरून विक्री मात्र मोडत नाही. गुजरातेतील दहिबेन यांच्या प्रकरणात 1 कोटी 74 लाखांच्या किमतीपैकी केवळ 40 हजार मिळाले, अशी विकणाऱ्यांची तक्रार होती. खरेदीखत 2009 चे, दावा 2014 चा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुदतीबाहेरचा म्हणून तो दावा प्रारंभीच फेटाळला, आणि बाकी राहिलेली किंमत हे खरेदीखत रद्द करण्याचे कारण होत नाही, असेही सांगितले.

परंतु फसवून, धाकाने, किंवा न समजणाऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या 31व्या कलमाखाली दावा लावण्याचे दार उघडे आहे. मुदत तीन वर्षांची, आणि ती खरी हकीकत कळल्यापासून मोजली जाते. आपल्याकडे कागद तेलुगूत लिहिले जातात आणि आपले वडीलधारे मराठीतच वाचतात, हे ध्यानी घेता सहीपूर्वी शब्दन्‌शब्द वाचवून घेणे हाच खरा उपाय होय.

आणखी एक गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे 1959 च्या विनियमाप्रमाणे व त्यातील 1970 च्या दुरुस्तीप्रमाणे, ज्याला लोक ‘वन ऑफ सेवंटी’ म्हणतात, आदिवासी नसलेल्याच्या नावे झालेले हस्तांतर मुळातच निरर्थक ठरते. मग संमती असो वा नसो. तो कायदा आदिवासी बांधवांच्या भूमीच्या रक्षणासाठी आहे, व त्याचा मान राखलाच पाहिजे. तेव्हा आपले गाव त्या यादीत आहे काय, हे प्रथम पाहावे.

पत्रलेखिका भगिनींना आमचे सांगणे असे. मूळ खताची नोंदणी कार्यालयाकडून प्रमाणित नक्कल काढून ठेवावी. ज्याला सारे ‘ईसी’ म्हणतात तो उतारा वर्षातून एकदा घ्यावा, म्हणजे आपल्या पाठीमागे काही नोंदले गेले असल्यास वेळीच कळेल. वारसांची नावे लावून घ्यावी, पैसे दिल्याच्या पावत्या शोधाव्या. आणि हे सर्व हाताशी घेऊन, वकिलाकडे जाण्यापूर्वी, त्या वृद्ध गृहस्थांकडे एकदा जाऊन बसावे. काही बाकी खरीच राहिली असेल, तर ती चारचौघांसमक्ष चुकती करून पावती घ्यावी. कायदा तुमची जागा राखील. दोन पिढ्यांचे येणेजाणे मात्र तुम्ही दोघांनीच राखावयाचे आहे.