‘सोबतीला एक बाई द्या’



सहलीत मुली असतील तर बरोबर शिक्षिका हवीच, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला पाठ आहे. त्यामागची काळजी आपलीही आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा. कागदावर ‘शिक्षिका’ म्हणून लिहिलेली ही व्यक्ती सामान बांधून निघते तेव्हा नुसती ‘एक बाई’ उरते. गणित शिकवते की विज्ञान, किती वर्षे नोकरी झाली, याची चौकशी कोणी करत नाही. मुलींबरोबर झोपायला बाईमाणूस हवे, एवढीच तिची पात्रता.

हे आता लिहायचे कारण, सहली लांबच्या होऊ लागल्या आहेत. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन ग्रामीण शाळांतील मुले निवडली आणि त्यांतल्या २५ जणांना अमेरिकेत ‘नासा’ दाखवायला न्यायचे ठरवले. योजना उत्तम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीने विमानात बसावे याचा आनंद आपल्यापेक्षा जास्त कोणाला होणार? उद्या रायगडनेही असे करावे. समजा केले, आणि मांडव्याच्या एका मुलीचा नंबर लागला. मांडव्याच्या जेट्टीवर उभे राहिले की स्वच्छ हवेत समोर मुंबई दिसते. लाँचने तासाभराची वाट. पण मुलीला त्या पाण्यापलीकडे धाडायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘बाई जाणार आहेत ना?’ बाई जाणार असतील तर मुलगी जाणार. म्हणजे मुलीच्या स्वातंत्र्याची किल्ली शिक्षिकेच्या कमरेला, आणि शिक्षिकेची किल्ली कोणाकडे?

तिला नवऱ्याला विचारायचे आहे. सासूला सांगायचे आहे. पंधरा दिवसांच्या भाजी-भाकरीची व्यवस्था लावायची आहे. सरांना यातले काही करावे लागत नाही. सरांची बॅगसुद्धा बहुधा घरची बाईच भरते. पासपोर्ट काढायचा तर ‘मिस्टरांची सही आणा’ म्हणणारे भेटतातच. पत्नीला पासपोर्टसाठी नवऱ्याच्या संमतीची वा सहीची गरज नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाला २०२५ साली निकाल देऊन सांगावे लागले. २०२५ साली!

आणि तिकडे गेल्यावर? सर गटप्रमुख. पैसे, वेळापत्रक, पाहुण्यांशी बोलणे, फोटोत मध्यभागी उभे राहणे त्यांच्याकडे. बाईंकडे उलटीच्या पिशव्या, पॅड, ताप, हरवलेला मोजा, आईच्या आठवणीने रडणारी पोर, आणि दर तासाला डोकी मोजणे. दिवसभर सगळे अग्निबाण बघतात तेव्हा बाई स्वच्छतागृहाच्या दाराशी. रात्री सरांची ड्यूटी संपते, बाईंची सुरू होते. घरात जी कामाची वाटणी आहे तीच सातासमुद्रापार नेलेली आहे, फक्त वर विमानाचे तिकीट चिकटवले आहे. या रात्रपाळीला भत्ता नाही, बदली रजा नाही. उलट ‘फुकटात अमेरिका बघून आलात, बाई’ हा टोमणा मात्र ठरलेला.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी प्रश्न उलटा होता. तेव्हा बाईलाच सोबत लागत असे. गोपाळराव जोशी पोस्टाच्या नोकरीत अलिबागला होते, तिथे आनंदीबाईंचा अभ्यास चालला होता. त्याच आनंदीबाई १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढा गहजब झाला! हिंगण्याच्या आश्रमासाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले, एक विधवा, १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आज बाईला सोबत लागत नाही असे म्हणतात. खरे आहे, आज तिलाच सोबत म्हणून पाठवतात. स्वतःसाठी बघायला, शिकायला निघालेली प्रवासी म्हणून तिला अजून कोणी धरत नाही.

मग येते ‘चारित्र्य’. मांडवा हे नाव देशभर पोचले ते १९९० च्या ‘अग्निपथ’ चित्रपटामुळे. त्यात मांडव्याच्या सज्जन मास्तरांना एका वेश्येच्या आधाराने बदनाम करतात आणि गाव त्यांचा जीव घेते. (त्या बाईचे पुढे काय, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही, पण तो वेगळा लेख.) मास्तरांना बदनाम करायला निदान कारस्थान तरी रचावे लागले. शिक्षिकेला तेवढेही लागत नाही. परदेशात, हॉटेलात, सर शेजारच्या खोलीत, एवढे पुरते. या भीतीने कितीजणी आधीच ‘मला जमणार नाही’ म्हणतात, आणि मग ‘बायका जबाबदारी घ्यायला तयार नसतात’ असा शेरा बसतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्याची आठवण करून द्यावी लागेल. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात नोकरीच्या निमित्ताने जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहन हेही कामाचे ठिकाणच आहे. विमान आणि हॉटेल त्यात येते हे निघण्यापूर्वी लेखी घ्या, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही. मुलीने रात्री बाईंना काही सांगितले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, दडपले तर शिक्षा आहे. म्हणजे कायद्याने सर्वांत जड ओझे येते ते रात्री जागणाऱ्या बाईंवर, आणि अधिकार मात्र गटप्रमुखाकडे.

अपघाताची जोखीमही खरी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच किनाऱ्यावर, मुरुडला, पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. असे काही घडले की ‘बाई कुठे होत्या?’ हे विचारले जाते. बाई अठरा तास जाग्या होत्या की नाही, हे विचारले जात नाही.

तेव्हा अशी योजना आपल्या जिल्ह्यात येण्याआधीच जिल्हा परिषदेकडे मागणी लावून धरू या. मुलांची परीक्षा घेता, तर शिक्षकांच्या निवडीचे निकषही जाहीर करा. त्यात ‘मुलींसाठी’ असा वेगळा रकाना नको. गटप्रमुख बाईही असू शकते. रात्रीचे काम कामातच धरा; भत्ता, विमा, परतल्यावर रजा द्या. पुरुष शिक्षकांनी पॅड कुठे मिळतात हे माहीत करून घ्यावे, त्याने कोणी मरत नाही. आणि गटाला किमान दोन शिक्षिका द्या. दोन कशाला, खर्च वाढतो, असे कोणी म्हणालेच, तर त्याला विचारा : एक झोपली तर जागे कोण राहणार, तुम्ही?