वालाचं बिरडं आणि लेकीची पीएचडी

परवा सारसोळ्याला एका मैत्रिणीकडे गेले होते. नेरूळमधलं हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. पलीकडे पाम बीच रस्ता आणि त्याच्याही पलीकडे खाडी. स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलायचं काम चाललं होतं. गेल्या गेल्या माझ्याही पुढ्यात ताट आलंच. मैत्रिणीची लेक नुकतीच बायोकेमिस्ट्री घेऊन एम. एस्सी. झाली. तिला आता पीएचडी करायची आहे आणि त्यावरून घरात धुसफूस चालू आहे.

"तूच सांग गं तिला. अजून पाच वर्षं शिकणार, मग लग्न कधी? आणि एवढं संशोधन करून त्याचा तुझ्या-माझ्या घरी उपयोग काय?"

उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर खरं तर आमच्या ताटातच होतं.

कच्च्या वालात असं एक द्रव्य असतं, की जे आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला काम करू देत नाही. मग वालातली प्रथिनं असूनही अंगी लागत नाहीत. नीट शिजवलं की उष्णतेनं त्याचा जोर ओसरतो. हे द्रव्य वालातून शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं, ते मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, डॉ. कमला सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५५ साली ते 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. आपल्या बिरड्याचा वाल, बरं का! संस्था सरकारी, तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न, आणि २०१९पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग.

कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी! त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर 'बघू' म्हणून कसंबसं घेतलं. पुढे १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. १९४७मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या आणि खरं मोठं काम केलं ते त्यानंतर. वाल, कडधान्यं, नीरा असे त्यांचे विषय. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह किती असतं, कुपोषित आदिवासी मुलींना आणि गरोदर बायकांना तिचा कसा फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र चार वर्षं लांबलं. निवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीच्या 'कीमत' मासिकात तुमच्या-आमच्यासाठी लिहीत राहिल्या.

एखादी खासगी कंपनी वालावर कशाला पैसे घालेल? गरिबाच्या ताटातलं काय ते सरकारी विद्यापीठच तपासणार, आपल्याच कराच्या पैशातून. आणि आपल्या ताटात काय असतं हे ठाऊक असलेल्या मुली त्या प्रयोगशाळेत नसतील, तर हे प्रश्न तिथं सुचणार कुणाला?

आता पैशाचं. पुष्कळ आयांना वाटतं, की पीएचडी म्हणजे पुन्हा फी भरत बसणं. तसं नाही. नेट परीक्षेत ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. वर घरभाडं वेगळं. मिळवायला कठीण आहे, पण मिळते. लग्नाची भीतीही थोडी कमी करता येईल. २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडी करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, आणि सहा वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत. संसारामुळे खंड पडलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी केंद्र सरकारने २००२-०३मध्येच खास योजना सुरू केली होती. लग्न आणि पीएचडी यांतलं एकच निवडा, असं कुठल्या नियमात नाही. ते आपणच घरी ठरवून टाकतो.

मैत्रीण सोलायची थांबली होती. "सदतीस हजार? दर महिन्याला? खरंच येतात?"

येतात, पण दर महिन्याला येतीलच असं नाही, हे मी लपवलं नाही. कधी कधी महिनोन्‌महिने विद्यावेतन अडकतं आणि घरची परिस्थिती बेताची असलेली मुलगी मधेच सोडून नोकरी धरते. मुलग्यांचंही अडकतं, पण त्यांना कुणी "झालं तेवढं पुरे, आता स्थळं बघू" म्हणत नाही. विद्यापीठांनी आधी हे पैसे वेळेवर द्यावेत. रात्री आठ-नऊपर्यंत प्रयोग चालतात, तेव्हा मुलींसाठी वसतिगृहाची खोली हवी, निदान स्टेशनपर्यंत सोबत हवी. महिला दिनाला गुलाबाची फुलं वाटायचा खर्च वाचवला तरी चालेल!

लेक आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि आईला म्हणाली, "नेटचा फॉर्म भरायचाय, तुझं जातीच्या दाखल्याचं पाकीट कुठंय?"

"कपाटात, वरच्या खणात," मैत्रीण म्हणाली. "आणि आधी हात धुऊन घे, मग हात लाव."