शस्त्रपूजा आहे, शस्त्रसाधना कुठे आहे?

गेल्या विजयादशमीला अनेक वर्षांनंतर प्रथमच मी नाशिकला घरी होतो. सायंकाळी वस्तीतल्या उत्सवात शस्त्रपूजन झाले. चौरंगावर कुणाच्या तरी पणजोबांची तलवार, दोन कट्यारी आणि एक दंड मांडला होता. हळद-कुंकू वाहिले गेले, झेंडूची फुले पडली, क्षात्रतेजावर एक ओजस्वी भाषण झाले आणि तलवार पुन्हा कपाटात गेली. पूजेसाठी ती म्यानातून बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला होता. पण ती अर्धीच निघाली. उरलेली अर्धी गंजाने धरून ठेवली होती.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी चार-पाच तरुण भोवती जमले. मी अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो आणि पिस्तुलाच्या स्पर्धांत भाग घेतो, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यातल्या एकाने मोठ्या उत्सुकतेने विचारले, “काका, तिकडे पिस्तूल विकत घ्यायला किती वेळ लागतो?” मी म्हणालो, “दुकानात गेलास तर अर्धा-पाऊण तास.” सारे खूश झाले. ते चालवायला शिकण्यास किती वेळ लागतो, हे मात्र एकानेही विचारले नाही. विचारले असते, तर “आठ वर्षे झाली, अजून शिकतो आहे” असे उत्तर मिळाले असते. न विचारलेल्या त्या प्रश्नासाठीच हा लेखप्रपंच.

हा खेळ आहे तरी काय?

ऑलिम्पिकमधील नेमबाजी आपल्या वाचकांना परिचित आहे. तेथे पिस्तुलाच्या प्रकारांत नेमबाज एका जागी उभा असतो आणि लक्ष्यही ठरलेल्या अंतरावर असते. ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या प्रकारात नेमबाज धावतो, वळतो, गुडघ्यावर बसतो, भिंतीच्या आडून डोकावतो आणि अनेक लक्ष्ये एकापाठोपाठ भेदतो. अमेरिकेच्या मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर यांनी या खेळाला आकार दिला. १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग हे तीन शब्द तिचे ब्रीद आहेत. त्यात पहिला मान अचूकतेचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

यातील गुणांची पद्धत मोठी बोधप्रद आहे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे आणि येणाऱ्या आकड्यावर क्रम लावायचा. समजा, पुठ्ठ्याची आठ लक्ष्ये आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या मारायच्या आहेत. एकाने सोळाही गोळ्या मध्यभागी मारल्या, म्हणजे ८० गुण मिळवले, पण २० सेकंद घेतले. त्याचा आकडा ४. दुसऱ्याच्या चार गोळ्या मध्यापासून जराशा सरकल्या, गुण ७२ झाले, पण वेळ लागला १५ सेकंद. त्याचा आकडा ४.८. म्हणजे दुसरा जिंकला. येथवर वाटते, हा वेगाचा खेळ आहे. पण लक्ष्यांच्या मधोमध, कधी त्यांना अर्धवट झाकून, ‘निरपराध’ माणसाचे पुठ्ठेही उभे असतात. त्या दुसऱ्या वेगवान वीराची मध्यभागी जाणारी एकच गोळी लक्ष्य चुकून अशा पुठ्ठ्यात शिरली, तर त्या गोळीचे पाच गुण जातात, चुकल्याचे दहा वजा होतात आणि निरपराधाला लागल्याचे आणखी दहा. ७२ चे ४७ उरतात आणि आकडा येतो ३.१३. सावकाश चालणारा पहिला गडी त्याच्या खूप पुढे निघून जातो. आवेशाची किंमत इतक्या रोखठोकपणे मोजणारे दुसरे गणित मी पाहिलेले नाही.

‘थांबा!’

माझ्या दुसऱ्याच स्पर्धेची गोष्ट. पहाटे सहा वाजता आम्ही दहा-बारा जण मैदानावर जमलो, खांब रोवले, पुठ्ठे ठोकले. हे काम करायला पगारी माणसे नसतात. स्पर्धकच सारे उभारतात आणि सायंकाळी आवरूनही ठेवतात. प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे आणि होल्स्टरमध्ये. अधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून त्याला हात लावायचा नाही. पाळी आली की अधिकारी मागे उभा राहून एकेक आज्ञा देतो: सज्ज व्हा, तयार आहात का, थांबा, आणि मग घड्याळाचा तो कर्कश ‘बीप’. लहानपणी शाखेत ‘दक्ष’ आणि ‘आरम’ ऐकून वाढलेल्या माझ्या कानांना त्या आज्ञा परक्या वाटल्या नाहीत.

त्या दिवशी मी जोशात होतो. पहिली तीन लक्ष्ये झटपट भेदली आणि डावीकडे धावता धावता मॅगझिन बदलू लागलो. त्या गडबडीत पिस्तुलाची नळी माझ्या नकळत मागच्या बाजूला झुकली. मैदानाच्या आडवी १८० अंशांची एक काल्पनिक रेषा असते. काहीही झाले तरी नळी त्या रेषेच्या पुढेच राहिली पाहिजे. माझी नळी ती रेषा ओलांडून गेली. मागून आवाज आला, “थांबा!” गोळी सुटली नव्हती, बोट चापावरही नव्हते, कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. तरीही माझी स्पर्धा त्या क्षणी संपली. त्या एका फेरीपुरती नव्हे, तर सबंध दिवसाची.

मी वाद घालू पाहिला. स्पर्धेचे प्रमुख सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक होते. ते शांतपणे म्हणाले, “गेल्या महिन्यात मीही असाच बाद झालो. पुढच्या रविवारी अवश्य या. आज मात्र पिस्तूल पिशवीत ठेवा.” माझ्याच गटात राज्यस्तरावर जिंकलेला एक नेमबाज होता, हा नियम त्यालाही तसाच लागू आहे, हे मला नंतर कळले. मी घरी गेलो नाही. दिवसभर इतरांच्या लक्ष्यांवरील छिद्रांना चिकटपट्ट्या लावत राहिलो. शस्त्राविषयी जे काही मला आज कळते, त्याचा निम्मा भाग मी त्या दुपारी शिकलो.

महाभारतात हेच सांगितले आहे. अर्जुन आणि अश्वत्थामा, दोघांनाही ब्रह्मास्त्र सोडता येत होते. आवरता मात्र फक्त अर्जुनाला येत होते. एकाच गुरूचे दोन शिष्य. पण एक धनुर्धर म्हणून वंदनीय ठरला आणि दुसरा कपाळावर भळभळती जखम घेऊन रानोमाळ हिंडला. अस्त्र आवरण्याची विद्या हीच शस्त्रविद्येची खरी परीक्षा होय.

शस्त्राचा तिटकारा कुणाचा वारसा?

मी पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरतो हे ऐकून आमच्या पुरोगामी मित्रांच्या कपाळावर आठी पडते. “तुम्ही हिंदुत्ववाले, त्यातून हातात पिस्तूल!” हे वाक्य मी हसत हसत अनेकदा ऐकून घेतले आहे. त्यांच्या मते शस्त्राला स्पर्श करणे म्हणजेच हिंसेला आमंत्रण आणि सामान्य नागरिक निःशस्त्र असणे ही भारताची सनातन परंपरा.

ही परंपरा सनातन नाही. ती १८७८ सालची आहे. १८५७ च्या समरानंतर हादरलेल्या इंग्रज सत्तेने लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आणला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. या मातीच्या पुत्राला मात्र परवान्यासाठी सरकारदारी हात जोडावे लागले. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही झाला. लेखणी आणि शस्त्र एकाच वर्षी जप्त झाले, हा योगायोग नव्हे. लेखणी लवकर सुटली. शस्त्राचा कायदा बदलायला मात्र स्वतंत्र भारतात १९५९ साल उजाडावे लागले आणि शस्त्राविषयीची धास्ती तर मनातून अजूनही गेलेली नाही.

अहिंसेचा दाखला देणाऱ्यांनी गांधीजींचे आत्मचरित्र पुन्हा उघडावे. एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य म्हणून इतिहासात नोंदले जाईल, अशा आशयाचे त्यांचे मत तेथे नोंदलेले आहे. सैन्यभरतीसाठी १९१८ साली काढलेल्या पत्रकातले ते मत होते. आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना कुणी उभी केली? लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांनी. गांधीजींच्या पठडीत वाढलेला हा मराठी माणूस नेमबाजीच्या संघटनेचा संस्थापक अध्यक्ष होतो. आजही त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. मावळंकरांना जे विसंगत वाटले नाही, ते आजच्या विचारवंतांना का वाटावे?

थोडे आपल्याविषयीही

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे, मिरवणुकीत नंग्या तलवारी नाचवणारे, कमरेला कट्टा खोचून छायाचित्र काढून ते भ्रमणध्वनीवरून जगभर पाठवणारे, हे सारे आपल्याच समाजातील तरुण आहेत. त्यांना कुणी ‘वाघ’ म्हणते, कुणी ‘मावळे’. या शब्दांचा इतका मोठा अपमान दुसरा नाही. आनंदाच्या भरात असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रकायद्यात झाली. ती करावी लागली, यातच आपली नामुष्की आहे. माझ्या ओहायोतील मैदानावर हे ‘वाघ’ पहिल्या मिनिटाला बाद झाले असते.

अमेरिकेचे अंधानुकरण करा, असेही मी म्हणत नाही. ज्या देशात मी राहतो, तेथे २०२१ या एका वर्षात बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका माथेफिरूने ३२ जणांना ठार केले. त्यांत एक भारतीय प्राध्यापक आणि मुंबईची एक विद्यार्थिनी होती. अर्ध्या तासात पिस्तूल मिळते, ही त्या समाजाची थोरवी नव्हे, ती त्याची जखम आहे. तेथून आणण्यासारखे काही असेल, तर दुकान नव्हे; त्या मैदानावरची शिस्त.

मार्ग आहे

ही शिस्त आणण्यासाठी घरोघरी पिस्तूल पोहोचवावे लागत नाही. या खेळात अनेकदा जगज्जेता ठरलेला एरिक ग्रॉफेल फ्रान्सचा आहे आणि फ्रान्समध्ये पिस्तुलाचा परवाना कडक अटींवर मिळतो. जपान आणि हाँगकाँग येथे सामान्य माणसाला पिस्तूल जवळजवळ अप्राप्यच आहे. तेथील खेळाडू प्लास्टिकचे बारीक छर्रे उडवणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलांवर हाच खेळ, याच नियमांनी, याच १८० अंशांच्या रेषेसह खेळतात. २०१८ साली हाँगकाँगमध्ये या प्रकाराची जागतिक स्पर्धाही झाली. उलट ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर सरसकट बंदी घातली, तेव्हा त्या देशाच्या ऑलिम्पिक नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक, या दोन टोकांच्या मधला रस्ता शहाण्या समाजांनी शोधला आहे.

आपल्याकडे ९ मि.मी.चे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे आणि जगभर हा खेळ मुख्यतः त्याच मापावर चालतो. तो नियम उद्या बदला, अशी माझी मागणी नाही. मागणी एवढीच आहे की, एअरसॉफ्ट आणि एअर पिस्तुलांवरील अशा स्पर्धांसाठी नियमांत सुस्पष्ट तरतूद व्हावी, जिल्हा क्रीडा संकुलांत त्यांना जागा मिळावी, निवृत्त सैनिकांकडे त्यांचे शिक्षण सोपवावे आणि पोलिसांसाठी खऱ्या पिस्तुलांवर या स्पर्धा नियमितपणे भराव्यात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हवालदार, शिपाई जुनाट रायफली घेऊन अत्याधुनिक शस्त्रांसमोर उभे राहिले. तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर केवळ काठी होती. शौर्य त्या रात्री तसूभर उणे नव्हते. उणे होते ते शस्त्र आणि सराव. हुतात्म्यांना मानवंदना देणाऱ्या समाजाने त्यांच्या वारसांना सरावाच्या गोळ्याही दिल्या पाहिजेत.

आणि महाराष्ट्रात गुणवत्ता नाही, असे कोण म्हणेल? तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत कांस्यपदक मिळवले. तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. तालमींच्या मातीत वाढलेल्या या जिल्ह्याने दाखवून दिले आहे की, शस्त्र हाती घेणारा मराठी तरुण गुंड होत नाही, साधक होतो. मात्र त्याला वस्ताद भेटावा लागतो.

पुढच्या दसऱ्याला चौरंगावर तलवार अवश्य ठेवावी. परंतु त्याआधी तिचा गंज घासून काढावा आणि तो घासण्याचे काम भाषण करणाऱ्याने स्वतःच्या हाताने करावे. ज्या तरुणाने मला पिस्तुलाचा भाव आणि वेळ विचारली, त्याला वर्षभर रोज अर्धा तास रिकाम्या हाताने नेम धरायला लावावे. वर्षअखेरीस त्याचा हात स्थिर झाला आणि ‘थांबा’ म्हणताच तो थांबला, तर त्या दिवशी आपली शस्त्रपूजा सुफळ संपूर्ण झाली असे समजावे.