जाळीपलीकडचा आजार

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरात प्रल्हादाच्या छळाची कथा पोराटोरांनाही पाठ असते. पण इथला कुणी शिक्षा होऊन येरवड्याला गेला, तर त्याच्याविषयी गाव बोलत नाही. आई रोज बुडवून दीडशेहून अधिक किलोमीटर जाते, मुलाखतीला उभी राहते. जाळीपलीकडचा मुलगा तुटक बोलतो, भिंतीत कुणी कुजबुजतं म्हणतो. हे तिनं सांगायचं कुणाला?

एकांतवास मन पोखरतो, हे अंदमानपासून ठाऊक आहे. तिथे १९१२ साली इंदुभूषण रॉय यांनी जीव दिला, उल्लासकर दत्तांचं मानसिक संतुलन ढळलं. कायदाही हे जाणतो: एकांतवास सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही, एकूण तीन महिन्यांवर नाही, आणि तोही न्यायालयानं ठोठावला तरच. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या कैद्यालाही मनमानी एकांतात डांबायला मनाई केली. तरी ‘सुरक्षेसाठी’ वेगळं ठेवणं चालूच राहतं. पळवाट जुनीच.

२०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गंभीर मनोविकारामुळे फाशी रद्द केली. निकालात कैद्याचं नावही झाकलं. हा निकाल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तिमाहीला मनोरुग्ण कैद्यांबाबत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल द्यायचा असतो. नावं वगळून हे अहवाल कारागृहनिहाय जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे.